परत ऐकण्याचा हक्क

मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाचे इंग्रजी बहुधा डोळ्यांनी आलेले असते. धडा त्याने वाचलेला असतो, शब्दार्थ वहीत उतरवलेले असतात, काळ आणि प्रयोग घोकलेले असतात. वर्तमानपत्रातली इंग्रजी बातमी त्याला समजते, बँकेचा अर्ज तो भरतो, औषधाच्या वेष्टनावरची सूचना वाचतो. तोच माणूस, फोनवर पलीकडून कोणी भराभर इंग्रजीत बोलू लागले की गडबडतो, दोन-तीनदा ‘येस, येस’ म्हणतो आणि फोन घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देतो. त्याला शब्द येत नसतात असे नाही. पलीकडून आलेले बहुतेक सगळे शब्द त्याने आयुष्यात शेकडो वेळा वाचलेले असतात. कानावर पडले तेव्हा ते ओळखू आले नाहीत, इतकेच.

मोबाइलच्या मदतीने स्वतःचे स्वतः इंग्रजी ऐकायला शिकण्यासाठीची ही पुस्तिका अशा माणसांसाठी आहे आणि ती ट्रॉम्बेच्या परिसरात घडली, हे मला महत्त्वाचे वाटते. सायनहून ट्रॉम्बेकडे येणारा रस्ता, म्हणजे आजचा वि. ना. पुरव मार्ग, धरून निघालात तर देवनारला टाटा समाज विज्ञान संस्था लागते, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागते, मग अणुशक्तीनगर, आणि रस्ता संपता संपता चिता कॅम्प, पायलीपाडा, ट्रॉम्बे कोळीवाडा. १९५४ साली इथे अणुऊर्जा आस्थापना उभी राहिली. १९६७ पासून तिला आपण भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखतो. तिथल्या प्रशिक्षण शाळेत १९५७ पासून देशभरातले निवडक पदवीधर येत आले आहेत. इंग्रजी ही त्यांची रोजच्या कामाची भाषा. पण ती एका वळणाची नाही. व्याख्याता तमिळ असेल, बंगाली असेल, केरळचा असेल, आणि समोर बसलेला विद्यार्थी जळगावचा किंवा सोलापूरचा. पुस्तकातले पदार्थविज्ञान कोळून प्यायलेल्या मुलालाही अशा वर्गात सुरुवातीला कान लावावा लागतो.

केंद्राच्या कुंपणाबाहेर चिता कॅम्प आहे. १९७६ साली, आणीबाणीत, अणुऊर्जा केंद्राला जागा हवी म्हणून जनता कॉलनी नावाची भलीमोठी वस्ती उठवण्यात आली आणि तिथली माणसे इथे खाडीकाठी आणून बसवली गेली. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात, ही वस्ती ज्यात येते तो महापालिकेचा एम-पूर्व विभाग सगळ्या शहरात तळाला होता. तो आकडा वाचून इथल्या मुलांबद्दल जे चित्र मनात उभे राहते, त्यात एक गोष्ट हमखास सुटते. या गल्ल्यांतून तमिळ, उर्दू, हिंदी, मराठी, मल्याळम अशा भाषा एकाच वेळी कानावर पडत असतात. घरात एक, दारात दुसरी, दुकानावर तिसरी आणि शाळेत चौथी भाषा ऐकून समजणारी मुले इथे जागोजागी भेटतील. त्यांना या भाषा कोणी शिकवल्या नाहीत. पुस्तक नव्हते, शब्दार्थ नव्हते, परीक्षा नव्हती. ऐकून ऐकून आल्या. म्हणजे कानाने भाषा आत्मसात करण्याचे कसब या मुलांच्या अंगात आहे, आणि इंग्रजी हीच एक भाषा अशी की तिच्या बाबतीत ते कसब वापरण्याची संधी आपण त्यांना दिली नाही. माझ्या मते या पुस्तिकेचा सगळा विषय इथून सुरू होतो.

संधी का दिली गेली नाही, याचे कारण बरेच मागे सापडते. महाराष्ट्रात कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्यायचे, त्याचे इंग्रजी करायचे. इंग्रजी घ्यायचे, त्याचे मराठी करायचे. त्या पद्धतीने उत्तम वाचणारे, नेमके लिहिणारे लोक घडवले. कारकून, वकील, संपादक घडवले. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्या काळात इंग्रजी बोलणारा माणूस गावात येतच नव्हता, त्या काळात कानाचा विचार करणार तरी कसा? पण काळ बदलला तरी घडी तीच राहिली. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. उद्देश होता की लहान वयात भाषा कानावर पडावी. प्रत्यक्षात बहुतेक वर्गांत ‘ए फॉर ॲपल’ फळ्यावर लिहिले गेले आणि मुलांनी ते पाटीवर उतरवले. शिक्षक स्वतः पाठमालेच्या परंपरेतलेच. त्यांनी तरी इंग्रजी कोठे ऐकले होते? दहावीच्या भाषा विषयांत ऐकण्या-बोलण्यासाठी जे काही होते ते तोंडी परीक्षेच्या २० गुणांत. २०१८-१९ या वर्षी ते गुण काढून टाकले गेले, निकाल घसरला, पुढच्या वर्षी परत आले. त्या वेळी झालेली सगळी चर्चा टक्केवारीची होती. मुलांना ऐकता येते का, याबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

आता ऐकताना नेमके अडते कुठे, ते जरा जवळून पाहू, कारण इथेच पुष्कळांची दिशाभूल होते. ‘माझा शब्दसंग्रह कमी आहे’ असे म्हणून माणूस शब्द पाठ करायला बसतो. अडचण वेगळीच असते. मराठीत आपण जवळपास प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. इंग्रजीत एखाद्या अक्षरावर जोर पडतो आणि बाजूची अक्षरे आखडतात, कधी नाहीशीच होतात. ‘कम्फर्टेबल’ हा शब्द आपल्याला पाठ असतो; बोलणारा म्हणतो ‘कम्फ्टबल’. ‘व्हेजिटेबल’चे होते ‘व्हेज्टबल’. ‘फोटोग्राफ’ ओळखू येतो, पण ‘फोटोग्राफी’मधला जोर दुसऱ्या अक्षरावर सरकतो आणि कानाला ‘फटॉग्रफी’ असे काहीतरी ऐकू येते. हे एकेकट्या शब्दांचे झाले. वाक्यात शब्द एकमेकांना चिकटतात. ‘पिक इट अप’ हे तीन शब्द ‘पिकिटप’ म्हणून येतात, ‘डिड यू’ हे ‘डिज्यू’ होते, ‘नेक्स्ट डे’मधला ‘ट’ गळून पडतो. दोन शब्दांमध्ये कागदावर जी मोकळी जागा दिसते ती बोलण्यात नसते, आणि डोळ्यांनी शिकलेला माणूस नेमकी ती जागा शोधत बसतो. तोवर पुढची दोन वाक्ये निघून गेलेली असतात.

यातला एक प्रकार तर व्यवहारात फार महाग पडतो. ‘आय कॅन कम’ आणि ‘आय कान्ट कम’. अमेरिकी वळणाच्या बोलण्यात होकारार्थी वाक्यातला ‘कॅन’ इतका आखडतो की ‘क्न’ एवढेच उरते. नकारार्थी वाक्यातला शेवटचा ‘ट’ गिळला जातो, पण आधीचा ‘कॅन’ ठसठशीत ऐकू येतो. आपला कान काय करतो? स्पष्ट ‘कॅन’ ऐकला की होकार धरतो. समोरच्याने येणार नाही असे सांगितलेले असते आणि आपण वाट पाहत बसतो. थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यांचेही तसेच. फरक जोराच्या जागेत आहे. पगाराचा आकडा, डब्याचा नंबर, मुलाखतीची वेळ अशा ठिकाणी हा घोटाळा झाला की नुकसान खरे असते. व्याकरणाच्या पुस्तकात यातले काही सापडत नाही.

ट्रॉम्बेच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव ऐकलेल्या माणसाला मी काय म्हणतो ते लगेच कळेल. परक्याला तो नुसता गलका वाटतो, कोळणीला त्यातला प्रत्येक भाव वेगळा ऐकू येतो. तिचे कान जन्मतः तिखट होते असे नाही. त्याच प्रकारचा आवाज तिने वर्षानुवर्षे ऐकला आहे आणि ऐकलेले बरोबर होते की चूक, याचा पडताळा तिला दर वेळी लगेच मिळाला आहे. सराव आणि पडताळा, दोन्ही लागतात. आपल्या इंग्रजीच्या वर्गात दोन्ही नव्हते.

आवाजावाटे इंग्रजी पोहोचवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९२७ साली मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले. १९३४ साली ए. एफ. एस. तल्यारखान यांनी क्रिकेटचे धावते वर्णन सुरू केले, आणि पुढे कित्येक वर्षे इंग्रजी समालोचन हीच मुंबईकरांची इंग्रजी ऐकण्याची शाळा होती. खेळ ठाऊक, खेळाडू ठाऊक, धावफलक ठाऊक. त्यामुळे न कळलेल्या शब्दांचा अर्थ लागत जाई. जे बोलले जाते आहे त्याचा विषय आधीपासून माहीत असणे, ही ऐकून शिकण्याची मोठी किल्ली आहे. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ साली ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केले: सुमारे १५०० शब्दांची मर्यादा, छोटी वाक्ये, आणि नेहमीपेक्षा एक तृतीयांश हळू वाचन. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने ‘वुई लर्न इंग्लिश’ हे रेडिओचे पाठ तयार केले आणि आकाशवाणीवरून ते महाराष्ट्रातल्या शाळांपर्यंत गेले. निवेदक वाक्य बोले, मग थांबे, आणि त्या थांब्यात वर्गातल्या मुलांनी उत्तर द्यायचे. शिक्षकाला स्वतःला इंग्रजी बोलता येत नसले तरी वर्गात चांगले इंग्रजी घुमत असे. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. त्याची आठवण आपण पुरेशी ठेवलेली नाही.

रेडिओची मर्यादा एकच, पण मोठी. तो थांबत नाही. ठरलेल्या वेळी लागतो आणि निसटलेले वाक्य निसटलेच. वर्गातल्या शिक्षकाला पुन्हा सांगा म्हणता येते, पण चाळीस मुलांच्या वर्गात असे म्हणण्याची हिंमत मोजक्यांनाच होते. मुलाखतीत दुसऱ्यांदा ‘पार्डन’ म्हणताना माणूस घामाघूम होतो. ऐकायला शिकणाऱ्याची खरी गरज कोणती, तर ज्या जागी अडले तीच जागा, हवी तितक्या वेळा, कोणी कंटाळल्याशिवाय आणि कोणी हसल्याशिवाय पुन्हा ऐकायला मिळणे. मोबाइलने ही गोष्ट पहिल्यांदा सामान्य घरात आणली. कॅसेट होती, नाही असे नाही, पण ती विकत घ्यावी लागे आणि टेप मागे-पुढे करताना नेमकी जागा सापडत नसे. आज पडद्यावर दोनदा टिचकी मारली की व्हिडिओ दहा सेकंद मागे जातो. बोलणाऱ्याला थांबवण्याचा, त्याला हळू बोलायला लावण्याचा आणि पुन्हा बोलायला लावण्याचा अधिकार ऐकणाऱ्याच्या बोटाशी आला. मोबाइलवरच्या शेकडो ॲपपेक्षा, रंगीत खेळांपेक्षा आणि गुणांच्या चांदण्यांपेक्षा मला ही एक सोय मोठी वाटते. या पुस्तिकेतला प्रत्येक पाठ तिच्यावर उभा आहे.

यासाठी महागडा फोनही लागत नाही, हे बांगलादेशाने दाखवून दिले. २००९ च्या नोव्हेंबरात तिथे ‘बीबीसी जनाला’ सुरू झाले. साध्या बटणांच्या फोनवरून ३००० हा क्रमांक फिरवायचा आणि तीन मिनिटांचा इंग्रजीचा पाठ ऐकायचा. लाखो लोकांनी तो ऐकला, कारण पाठ छोटा होता आणि फोन खिशात होता. आपल्याकडे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि चित्र पालटले, पण त्याबरोबर एक गैरसमजही आला, की शिकणे म्हणजे व्हिडिओ पाहणे. नुसत्या आवाजाला फार थोडा डेटा लागतो. सहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण तीन ते सहा एमबीमध्ये बसते. बीबीसीचे ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ किंवा त्यासारखे काहीही सकाळी घरी उतरवून घेतले तर दिवसभर इंटरनेटशिवाय ऐकता येते. शिवाय चित्र नसले की बोलणाऱ्याच्या ओठांचा आणि हातवाऱ्यांचा आधार जातो आणि कानाला स्वतः काम करावे लागते.

पण फोन हातात असला की ऐकणे आपोआप सुधारते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. दिवसभर इंग्रजी रील पाहणारी आणि तरीही एक वाक्य नीट न पकडता येणारी मुले मी पाहिली आहेत. याचे पहिले कारण पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या ओळी. त्या दिसल्या की डोळा वाचतो आणि कान विश्रांती घेतो. आपल्याला वाटते ऐकून समजले. समजलेले असते ते वाचून. म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा ओळी बंद, हा या पुस्तिकेतला सगळ्यांत कडक नियम आहे. दुसरे कारण म्हणजे प्रश्नोत्तरांची सवय. जॉन फील्ड यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लिसनिंग इन द लँग्वेज क्लासरूम’ या पुस्तकात यावर नेमके बोट ठेवले आहे: उतारा ऐकवायचा आणि प्रश्न विचारायचे, यात ऐकण्याची परीक्षा होते, ऐकायला शिकवणे होत नाही. उत्तर चुकले तर ते कोणत्या आवाजापाशी चुकले, हे शोधायला हवे.

ते शोधायचे कसे, याचे एक उदाहरण देतो. चिता कॅम्पमध्ये राहणारी, मराठी माध्यमातून बारावी झालेली एक मुलगी फोनवर वीस सेकंदांचा संवाद ऐकत होती. एका वाक्यापाशी ती अडली. तिला सांगितले होते की स्पेलिंगचा विचार करू नकोस, जे ऐकू येते ते देवनागरीत लिही. तिने पुन्हा पुन्हा ऐकले आणि वहीत लिहिले: ‘आय शुडा टोल्जू बाउडिट’. ‘शुडा’ हे कोणाचे तरी नाव असावे असे तिला वाटले. मग तिने मजकूर उघडून पाहिला. वाक्य होते, ‘आय शुड हॅव टोल्ड यू अबाउट इट’. म्हणजे ‘मी तुला ते सांगायला हवे होते’. यातला एकही शब्द तिला नवा नव्हता, रचनासुद्धा शाळेत झालेली होती. तिने दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या, कोणता आवाज कशात मिसळला तिथे खुणा केल्या, आणि मजकूर झाकून ते वाक्य पुन्हा ऐकले. या वेळी तिला सगळे शब्द सुटे ऐकू आले. ध्वनिमुद्रण तेच होते, वेगही तोच. ‘शुड हॅव’ हा ‘शुडा’ असा येतो, हे एकदा कानाने पकडले की ‘कुडा’ आणि ‘वुडा’ वेगळे शिकावे लागत नाहीत. पुढच्या आठवड्यात तिने ते स्वतः ओळखले.

देवनागरीत लिहून घेण्याची ही युक्ती या पुस्तिकेत जागोजागी आहे. आपल्या लिपीत जसे ऐकू येते तसे लिहिण्याची ताकद आहे, तिचा उपयोग इंग्रजी ऐकण्यासाठी का करू नये? काही शिक्षकांना हे खटकते. मुलांना इंग्रजी देवनागरीत लिहायची सवय लागेल, अशी त्यांची भीती आहे. भीती समजण्यासारखी आहे, पण इथे देवनागरी हे जाळे आहे, आवाज पकडण्यापुरते. पकडला की लगेच इंग्रजी लेखनाशी त्याची गाठ घालायची आहे. देवनागरीत सगळे उतरत नाही हेही खरे: इंग्रजीतले दोन वेगळे आवाज आपण एकाच ‘व’मध्ये भरतो, आणि आखडलेले स्वर आपल्या कोणत्याच स्वरचिन्हात नीट बसत नाहीत. मुलाला जिथे कोणते अक्षर वापरावे ते कळत नाही, तिथे तो आवाज मराठीत नाही, हेही त्याला तिथेच कळते.

उच्चार कोणाचा ऐकायचा, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. ब्रिटिश की अमेरिकी? ट्रॉम्बेत राहणाऱ्याला मी म्हणेन, आधी आपल्या देशातला. आकाशवाणीची इंग्रजी बातमीपत्रे, संसदेतली भाषणे, आपल्याच शास्त्रज्ञांची व्याख्याने यूट्यूबवर भरपूर आहेत. उद्या नोकरीच्या ठिकाणी साहेब तमिळ असेल, ग्राहक पंजाबी असेल, आणि त्यांचे इंग्रजी समजणे ही पहिली गरज आहे. इथल्या मुलांना तमिळ किंवा मल्याळी वळणाची सवय आधीच असते, ती इथे कामाला येते. ते ऐकून कान बसला की मग बाहेरचे उच्चार घ्यावेत. बाहेर शिकायला जायचे असेल तर ते टाळताही येणार नाही. आयईएलटीएस परीक्षेत ऐकण्याचा भाग ४० प्रश्नांचा असतो आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते. परीक्षेत एकदाच ऐकायला मिळणार, म्हणून सरावातही एकदाच ऐकावे, हा सल्ला अनेक क्लासवाले देतात. तो मला साफ चुकीचा वाटतो. एकदाच ऐकून कळण्याची क्षमता अनेकदा ऐकूनच येते.

‘स्वतःचे स्वतः’ शिकणे म्हणजे एकट्याने शिकणे, असा अर्थ मात्र या पुस्तिकेत धरलेला नाही. सुगाता मित्रा यांनी १९९९ साली दिल्लीच्या कालकाजीत भिंतीतल्या खिडकीत संगणक ठेवला आणि मुले आपणहून तो वापरायला शिकली. पुढे तसाच प्रयोग आपल्या सिंधुदुर्गातही झाला. हैदराबादमध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मुलांना बोललेले टंकित करणाऱ्या संगणकासमोर बसवले, आणि संगणकाला आपले बोलणे कळावे म्हणून मुलांनी आपले उच्चार सुधारले. फोनमधल्या बोलून लिहिण्याच्या सोयीने आज तेच करता येते, आणि या पुस्तिकेत त्याचे पाठ आहेत. मित्रा यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण शिक्षकाशिवाय भागते, असा जो निष्कर्ष त्यातून उत्साहाने काढला गेला तो मला मान्य नाही. त्यांनी स्वतःच पुढे मुलांशी इंटरनेटवरून गप्पा मारणाऱ्या आज्या उभ्या केल्या. गाडीवाटचे उदाहरण घ्या. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांनी कोणती परकी भाषा शिकायची ते स्वतः ठरवले. त्यांना रोबो आणि तंत्रज्ञानाची ओढ होती, म्हणून त्यांनी जपानी निवडली. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या वर्षात, इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप यांवर ती मुले आणि त्यांचे शिक्षक शिकू लागले. मग शहरातला एक जाणकार ऑनलाइन शिकवायला पुढे आला आणि गाडी खरी मार्गी लागली. ओढ मुलांची, साधन फोनचे, आणि चूक दाखवायला एक माणूस.

वि. ना. पुरव मार्गावरच्या दोन संस्थांचे काम इथे आठवते. टाटा समाज विज्ञान संस्थेने अमेरिकेतली एमआयटी आणि टाटा ट्रस्ट यांच्याबरोबर २०१५ च्या सुमारास ‘क्लिक्स’ हा उपक्रम उभारला. राजस्थान, छत्तीसगड, तेलंगण आणि मिझोराममधल्या सरकारी शाळांत तो चालला आणि युनेस्कोचा पुरस्कार त्याला मिळाला. त्यातल्या इंग्रजीच्या पाठांत ऐकण्या-बोलण्याला पुढचे स्थान होते आणि शिक्षकांच्या तयारीवर तितकाच भर होता. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची सुरुवात १९७४ ची. तिथे व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या महापालिका शाळांतल्या मुलांबरोबर काम करताना दाखवून दिले की विज्ञानात मागे पडणाऱ्या मुलांची अडचण पुष्कळदा विज्ञानाची नसते, पुस्तकाच्या अवघड भाषेची असते. भाषा सोपी केली की तीच मुले पुढे येतात. या पुस्तिकेतल्या सूचना सोप्या मराठीत आहेत त्या याच जाणिवेतून. इंग्रजी ऐकायला शिकण्यासाठी मराठी शाळा सोडण्याची गरज नाही, हे मी इथे स्पष्ट सांगू इच्छितो. मुलाला इंग्रजी समजावे म्हणून न परवडणाऱ्या शाळेत घालणारे पालक मी रोज पाहतो, आणि तिथे ते मूल धड कोणत्याच भाषेत विचार करू शकत नाही, हेही पाहतो.

एक अडचण फोनच्या मालकीची आहे. मुंबईच्या वस्त्यांत १९९५ साली कामाला सुरुवात केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या २०२३ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांकडे स्वतःचा स्मार्टफोन असण्याचे प्रमाण मुलींच्या दुपटीहून जास्त निघाले. पाहणी गावांतली असली तरी इथले चित्र फार वेगळे वाटत नाही. घरात फोन असतो, पण तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री भावाच्या हातात असतो. मुलीच्या वाट्याला येतो तो स्वयंपाक आवरल्यावर, आणि कानात इअरफोन घालून बसली की ‘कोणाशी बोलतेस?’ हा प्रश्न येतो. म्हणून पुस्तिकेतले तुकडे मुद्दाम लहान ठेवले आहेत, आणि बरेचसे इअरफोनशिवाय, घरातल्या सगळ्यांना ऐकू येतील असे वाजवायला सांगितले आहेत. आईच्या कानावर पडले तर चांगलेच. पालकांना माझी विनंती आहे: दिवसातला एक ठरलेला अर्धा तास फोन मुलीचा असू द्या, आणि तो तिला मागावा लागू नये.

पुस्तिकेत सुरुवातीचे पाठ आकडे, वेळा, पत्ते आणि नावे यांचे आहेत, मधले रोजच्या संवादांचे, आणि शेवटचे बातम्या व व्याख्यानांचे. क्रम पाळलाच पाहिजे असे नाही; ज्याला क्रिकेटची आवड आहे त्याने समालोचनाच्या पाठापासून सुरुवात केली तरी चालेल, विषय माहीत असल्याचा फायदा त्याला मिळेल. वेग कमी करायचा झाल्यास पाऊण पटीच्या खाली जाऊ नका, आवाज ओढल्यासारखा होतो आणि कानाला खोटी सवय लागते. नवा तुकडा नेहमी शांत जागी ऐका. हार्बरच्या गाडीत मानखुर्दहून कुर्ल्यापर्यंत जाताना जुने, आधी उलगडलेले तुकडे ऐकावेत. गोंगाटातही ते ओळखू येऊ लागले म्हणजे पक्के झाले. दोघे-तिघे मिळून करणार असाल तर व्हॉट्सॲपवर एकमेकांना इंग्रजीत छोटे आवाजी निरोप पाठवा आणि समोरच्याने काय ऐकले ते लिहून मागवा.

पहिला तुकडा दुकानातल्या संभाषणाचा आहे आणि त्यात तीन किमती सांगितल्या आहेत. वही घ्या, मजकुराचे पान उलटून ठेवा, आणि तिन्ही किमती लिहून होईपर्यंत तो लावा.